व्हीएम संथ का होतात? दोन होस्टच्या यंत्रणेत काय मोजावे आणि कशाला हात लावू नये

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात मुख्य कार्यालय आणि खानापूर, निपाणी व चिकोडी येथे शाखा असलेल्या एका सौहार्द सहकारी संस्थेत दोन होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे भौतिक सर्व्हर) आणि नेटवर्कवरून आयस्कझी पद्धतीने जोडलेले एक सामायिक स्टोरेज यांवर चौदा व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालतात. प्रत्येक होस्टमध्ये आठ कोरचे दोन प्रोसेसर आणि १२८ जीबी रॅम आहे, वर व्हीस्फिअर ७ हे व्हीएमवेअर कंपनीचे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर आहे, आणि सगळ्या व्हीएमना मिळून १९० जीबी रॅम दिलेली आहे. व्यवहारांचा मुख्य डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ च्या स्टँडर्ड आवृत्तीवर आहे. रोज सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास शाखांमधील काम अडखळते. उपाय म्हणून डेटाबेसच्या व्हीएमचे व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) चारावरून बारा केले, तर संथपणा वाढला. त्यातच वळवाच्या पावसात वीज गेल्यानंतर दोन व्हीएम नीट उठल्या नाहीत, आणि त्यांपैकी एकीवर डिस्क एकत्रीकरण आवश्यक असल्याची सूचना कायम दिसते. पुरवठादार नवीन सर्व्हर घ्या म्हणतो. तो घ्यावा का, असा प्रश्न आहे.

नवीन सर्व्हरची मागणी सध्या बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिलेल्या माहितीत प्रोसेसर कमी पडतो आहे असे दाखवणारा एकही आकडा नाही. उलट व्हीसीपीयू तिप्पट केल्यावर गती घटली, यावरून अडचण प्रोसेसरच्या संख्येत नसून त्याच्या वाटपात किंवा दुसऱ्याच ठिकाणी असावी असे दिसते. व्हीएम संथ वाटते तेव्हा बहुतेक वेळ ती कशाची तरी वाट पाहत असते: प्रोसेसरवर पाळी येण्याची, डिस्कवर गेलेले मेमरीचे पान परत येण्याची, स्टोरेजकडून लेखनाची पोच मिळण्याची किंवा नेटवर्कवरून उत्तर येण्याची. या चारांपैकी कोणाची वाट पाहिली जाते हे ठरल्याशिवाय काही वाढवणे, घटवणे किंवा विकत घेणे म्हणजे संस्थेचा पैसा अंदाजावर खर्च करणे होय. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री असो वा ऐन गळीत हंगामातला साखर कारखाना, काम खोळंबले की पहिली सूचना ‘रॅम वाढवा’ अशीच येते, आणि पुष्कळदा रॅमचा त्या खोळंब्याशी काही संबंध नसतो.

सर्वांत आधी हा दोष व्हर्च्युअलायझेशनचा आहे की नाही, हे ठरवावे. निपाणी शाखेत खातेउतारा उघडायला वेळ लागत असताना त्याच क्षणी तोच उतारा मुख्य कार्यालयातील संगणकावर उघडून पाहावा, आणि त्या उताऱ्याची क्वेरी (डेटाबेसला विचारला जाणारा प्रश्न) थेट डेटाबेसच्या व्हीएमवर चालवून पाहावी. मुख्य कार्यालयात उतारा झटकन येत असेल आणि फक्त शाखांना थांबावे लागत असेल, तर होस्टकडे पाहण्यात अर्थ नाही. शाखांची जोडणी आणि तिच्यावरील भार पाहावा. तिन्ही ठिकाणी सारखाच उशीर होत असेल तर एसक्यूएल सर्व्हरला तो कशासाठी थांबला आहे हे विचारता येते, कारण प्रतीक्षेच्या प्रकारांची नोंद तो स्वतःच ठेवतो. ‘पेजआयओलॅच’ वर्गातील प्रतीक्षा वरचढ असेल तर तो डेटा डिस्कवरून वाचला जाण्याची वाट पाहतो; ‘राइटलॉग’ असेल तर व्यवहारलॉग लिहिला जाण्याची; आणि ‘एलसीके’ने सुरू होणाऱ्या प्रतीक्षा असतील तर एका व्यवहाराने दुसऱ्याला कुलूप लावून अडवले आहे. तिसऱ्या प्रकारात कितीही महाग सर्व्हर आणला तरी फरक पडणार नाही. सकाळी कोणी आदल्या दिवसाचा मोठा अहवाल काढतो का, याची चौकशी करून तो अहवाल दुपारनंतर काढायला सांगणे हाच तिथे उपाय ठरतो.

आता प्रोसेसर. व्हीएमच्या आतील टास्क मॅनेजरवर या बाबतीत विसंबू नये, कारण आतल्या विंडोजला आपली पाळी हुकते आहे हे नीट कळत नाही. होस्टवर ‘सीपीयू रेडी’ पाहावे. काम करायला तयार असूनही भौतिक कोर मोकळा नसल्यामुळे व्हीएम जितका वेळ ताटकळली, तितका वेळ या आकड्यात जमा होतो. व्हीसेंटरच्या (होस्टचे व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तात्काळ आलेखात तो मिलिसेकंदांत असतो आणि प्रत्येक नमुना २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा असतो. समजा डेटाबेसच्या व्हीएमचा एकूण रेडी ९,६०० मिलिसेकंद दिसला. त्याला २०,००० ने भागले की ४८ टक्के येतात. हा आकडा बाराही व्हीसीपीयूंचा मिळून असल्यामुळे पुन्हा बाराने भागावे, म्हणजे प्रत्येकी ४ टक्के. एवढे सहसा खपून जाते. तोच ९,६०० चा आकडा चार व्हीसीपीयू असताना आला असता तर प्रत्येकी १२ टक्के झाला असता, आणि ते वापरणाऱ्याला नक्की जाणवले असते. प्रत्येकी ५ टक्क्यांच्या वर लक्ष ठेवावे आणि १० च्या वर हालचाल करावी, हा व्यवहारात चालणारा ठोकताळा आहे. एक सावधगिरी मात्र हवी: एका दिवसाच्या आलेखात प्रत्येक नमुना ३०० सेकंदांचा असतो, म्हणून तिथे ३,००,००० ने भागावे लागते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे घबराट पसरलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

रेडीच्या शेजारी ‘को-स्टॉप’ही पाहावा. एका व्हीएमचे सगळे व्हीसीपीयू साधारण बरोबरीने पुढे सरकावेत याची काळजी ईएसएक्सआयचा (होस्टवर चालणाऱ्या व्हीस्फिअरच्या मूळ प्रणालीचा) शेड्यूलर, म्हणजे पाळी वाटणारा भाग, घेतो; एखादा फार पुढे गेला तर मागचे गाठेपर्यंत तो त्याला थांबवतो, आणि हा थांबलेला वेळ म्हणजे को-स्टॉप. पतसंस्थेच्या काउंटरवर बारा जणांचे एक कुटुंब आले आणि आम्हा सगळ्यांचे काम जवळजवळ एकाच वेळी व्हावे असा आग्रह धरला, तर त्यांना स्वतःला आणि रांगेतल्या इतरांनाही ताटकळावे लागते. सोळा कोरच्या होस्टवर बारा व्हीसीपीयूची व्हीएम गर्दीच्या वेळी हेच करते. ईएसएक्सटॉपमध्ये (होस्टवरील मोजमापाच्या साधनात) को-स्टॉप ३ टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल तर व्हीसीपीयू कमी करणे हाच इलाज आहे.

परंतु या विशिष्ट प्रकरणात मला याहून मोठी शंका आहे, आणि ती तपासायला पाच मिनिटे पुरतात. एसक्यूएल सर्व्हर २०१९ ची स्टँडर्ड आवृत्ती चार सॉकेट (प्रोसेसर बसवण्याच्या जागा) किंवा २४ कोर, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वापरते. व्हीस्फिअर ७ मध्ये व्हीसीपीयूची संख्या वाढवताना प्रत्येक सॉकेटमागे किती कोर हे मुद्दाम ठरवले नाही, तर प्रत्येक व्हीसीपीयू हा एक कोरचा स्वतंत्र सॉकेट म्हणून दाखवला जाऊ शकतो. तसे झाले असेल तर विंडोजला बारा सॉकेट दिसतात, एसक्यूएल सर्व्हर त्यांतले पहिले चार घेतो आणि बाकीच्या आठांकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे डेटाबेसला एकही जादा कोर मिळाला नाही. होस्टच्या शेड्यूलरवर मात्र बारा व्हीसीपीयूंचा संसार येऊन पडला. एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, तो सुरू होतानाच्या नोंदींत, किती सॉकेट सापडले आणि परवान्यानुसार किती लॉजिकल प्रोसेसर वापरले जात आहेत हे स्पष्ट लिहिलेले असते. ती ओळ आधी वाचावी.

व्हीसीपीयू किती ठेवावेत याविषयी माझा सल्ला असा की व्हीएम रीतसर बंद करून ते आठवर आणावेत आणि ते आठ कोरचा एक सॉकेट अशा रचनेत द्यावेत. आपल्या होस्टमधील एका प्रोसेसरला आठच कोर आहेत आणि त्या प्रोसेसरला जोडलेली मेमरी त्याच्या जवळची असते. आठ व्हीसीपीयूची व्हीएम एका प्रोसेसरच्या हद्दीत मावते, बाराची मावत नाही, आणि मग निम्मी मेमरी दुसऱ्या प्रोसेसरच्या वाटेने आणावी लागते. त्या हद्दीची माहिती आतल्या विंडोजला देण्याची सोय ईएसएक्सआयमध्ये आहे, पण आठहून अधिक व्हीसीपीयू असल्याशिवाय ती आपोआप लागू होत नाही, आणि व्हीस्फिअर ७ मध्ये ‘सीपीयू हॉट ॲड’ची खूण केलेली असेल तर ती बंदच राहते. म्हणून ती खूण काढून टाकावी. डेटाबेसच्या सर्व्हरवर चालू स्थितीत प्रोसेसर वाढवण्याची वेळ क्वचितच येते, आणि त्या क्वचित सोयीसाठी रोजची किंमत मोजू नये.

मेमरीबाबत थोडक्यात सांगता येईल. विंडोजमध्ये ९५ टक्के मेमरी वापरात दिसते म्हणून घाबरू नये. एसक्यूएल सर्व्हरला कमाल मर्यादा घालून दिली नसेल तर तो मिळेल तेवढी मेमरी धरून ठेवतो आणि हे त्याच्या घडणीलाच धरून आहे. ती मर्यादा घालावी आणि विंडोजसाठी चार ते सहा जीबी मोकळी सोडावी. होस्टच्या पातळीवर बलूनिंग (व्हीएमकडून मेमरी परत मागून घेणे) आणि स्वॅप (मेमरी डिस्कवर ढकलणे) पाहावेत, आणि स्वॅपमध्ये किती मेमरी पडून आहे यापेक्षा तिथून दर सेकंदाला किती वाचली जाते हे पाहावे. पडून असलेला आकडा जुन्या टंचाईचा अवशेष असू शकतो. वाचनाचा आकडा शून्यावर गेला नाही तर मात्र टंचाई आजची आहे.

माझा खरा संशय स्टोरेजवर आहे. ईएसएक्सटॉपमध्ये डिस्कच्या विलंबाचे तीन आकडे दिसतात. ‘डीएव्हीजी’ म्हणजे होस्टमधून बाहेर पडलेली मागणी स्टोरेजकडून परत येईपर्यंतचा वेळ, ‘केएव्हीजी’ म्हणजे होस्टच्या कर्नलमध्ये गेलेला वेळ, आणि ‘जीएव्हीजी’ ही या दोहोंची बेरीज, म्हणजे व्हीएमला प्रत्यक्ष जाणवणारा विलंब. केएव्हीजी जवळजवळ शून्य असावा. तो दोन मिलिसेकंदांच्या वर राहू लागला तर होस्टच्याच रांगेत मागण्या तुंबत आहेत. डीएव्हीजी वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या वर टिकत असेल तर स्टोरेज किंवा त्याच्याकडे जाणारी वाट दोषी आहे. वाटेची शंका असेल तर जम्बो फ्रेमची (नेटवर्कवरील मोठ्या पॅकेटची) चाचणी घ्यावी: एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, ९,००० ठेवला असेल तर होस्टवरून स्टोरेजकडे ८,९७२ बाइटचे पॅकेट तुकडे न करता पाठवून पाहावे. ते पोहोचत नसेल तर मधल्या एखाद्या स्विचवर एमटीयू तसा वाढवलेला नाही.

वाट ठीक असेल तर डिस्कचा हिशेब करावा. ७,२०० फेऱ्यांची एक फिरती डिस्क विखुरलेल्या कामात सेकंदाला साधारण ७५ ते ८० क्रिया करते. अशा आठ डिस्कचा रेड ६ गट (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र बांधलेल्या डिस्क) वाचनात सहाशेच्या आसपास जातो, पण रेड ६ मध्ये एका लहान लेखनासाठी डिस्कवर सहा क्रिया कराव्या लागत असल्यामुळे निव्वळ लेखनात तो शंभरावर येतो. रेड ५ मध्ये हा गुणक चार आणि रेड १० मध्ये दोन असतो. अकराच्या सुमारास मुख्य कार्यालयाचे व तीन शाखांचे व्यवहार, चौदा व्हीएमवर एकाच वेळी सुरू झालेली अँटिव्हायरसची तपासणी आणि रात्री न संपलेला बॅकअप हे तिन्ही त्या शंभरावर येऊन आदळले, तर काम अडखळणारच. अँटिव्हायरसच्या वेळा व्हीएमगणिक वेगळ्या कराव्यात आणि बॅकअप खरोखर किती वाजता संपतो हे त्याच्या नोंदीत पाहावे. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

हे सगळे वर्षभर निभत होते आणि अलीकडेच बिघडले असेल, तर स्टोरेजच्या कंट्रोलरची बॅटरी तपासावी. लेखन आले की कंट्रोलर ते आपल्या कॅशमध्ये (जलद तात्पुरत्या मेमरीत) घेऊन लगेच पोच देतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. वीज गेली तरी कॅशमधला मजकूर बॅटरीवर किंवा कॅपॅसिटरवर सुरक्षित राहतो म्हणून त्याला हे करता येते. ती बॅटरी निकामी झाली की कंट्रोलर सावध होऊन प्रत्येक लेखन डिस्कवर उतरल्यावरच पोच देऊ लागतो. दोन कंट्रोलरच्या स्टोरेजमध्ये एक कंट्रोलर बंद पडला तरी अनेकदा हेच घडते. यात काहीही बंद पडत नाही, फक्त लेखनाचा विलंब कित्येक पटींनी वाढतो. तक्रार ‘सर्व्हर जुना झाला’ अशी येते आणि दुरुस्ती एका बॅटरीत होते. वीज गेल्यानंतर संथपणा वाढल्याचे आपण लिहिले असते, तर मी हाच तपास पहिला सुचवला असता. तसे नसले तरी स्टोरेजच्या व्यवस्थापन पानावर कॅशची स्थिती ‘राइट-बॅक’ (कॅशमध्ये येताच पोच) आहे की ‘राइट-थ्रू’ (डिस्कवर उतरल्यावरच पोच), हे आजच पाहावे.

आता त्या एकत्रीकरणाच्या सूचनेकडे वळतो, कारण डेटा कायमचा गमावण्याचा धोका संपूर्ण प्रश्नात फक्त इथे आहे. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपणारी नोंद) घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठवली जाते आणि त्यानंतरचे प्रत्येक लेखन एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाते. दुसरा स्नॅपशॉट घेतला की दुसरी डेल्टा, तिसरा घेतला की तिसरी. डिस्कचा आजचा मजकूर या सगळ्या साखळीवर विसंबून असतो, आणि साखळीतला एक दुवा गेला की पुढचे सगळे दुवे निरुपयोगी होतात. या डेल्टा पुन्हा मूळ डिस्कमध्ये मिसळणे म्हणजे एकत्रीकरण. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनहून अधिक नसावेत, अशी व्हीएमवेअरची शिफारस आहे; ३२ ही तांत्रिक कमाल मर्यादा आहे, तेवढे घ्यावेत असा तिचा अर्थ नव्हे. डेल्टा फाइल मूळ डिस्कएवढी वाढू शकते. ती डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवण्याची स्टोरेजवरची जागा) भरून टाकते तेव्हा ज्या व्हीएमना लिहायला नवीन जागा हवी असते त्या सगळ्या जागच्या जागी थांबतात, आणि मग एका व्हीएमचे दुखणे चौदांना लागते.

स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये एकही स्नॅपशॉट दिसत नाही आणि तरी एकत्रीकरणाची मागणी होते, याचे नेहमीचे कारण बॅकअप हे असते. बॅकअपचे सॉफ्टवेअर स्नॅपशॉट घेते, गोठवलेली डिस्क वाचते आणि शेवटी स्नॅपशॉट काढून टाकते. बॅकअपचा सर्व्हर स्वतः त्याच होस्टवरची व्हीएम असेल तर तो ती डिस्क तात्पुरती स्वतःला जोडून घेतो. मध्येच वीज गेली की जोडलेली डिस्क तशीच राहते, फाइलवर कुलूप राहते आणि एकत्रीकरण दर वेळी ‘फाइल वापरात आहे’ म्हणून अडते. आपल्याकडे वीज बॅकअप चालू असताना गेली होती का, हे जुळवून पाहावे आणि बॅकअप सर्व्हरच्या व्हीएमची सेटिंग्ज उघडून तिथे तिची स्वतःची नसलेली डिस्क जोडलेली आहे का, हे बघावे. आढळली तर ती फक्त व्हीएममधून काढावी. त्याच खिडकीत डेटास्टोअरवरून फाइल पुसून टाकण्याचाही पर्याय असतो. त्याला चुकूनही हात लावू नये, कारण ती फाइल दुसऱ्या व्हीएमची जिवंत डिस्क आहे. कोणी तरी शेजारी बसवून, पर्याय मोठ्याने वाचून मगच बटण दाबावे, इतके हे गंभीर आहे.

त्यानंतरची कृती रात्री, शाखा बंद झाल्यावर करावी. व्हीएम रीतसर बंद करावी, तिचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डेटास्टोअरवर किंवा बाहेरच्या स्टोरेजवर जसेच्या तसे नकलून घ्यावे, आणि नक्कल पूर्ण झाल्यावरच एकत्रीकरणाची आज्ञा द्यावी. ते तासन्‌तास चालू शकते आणि टक्केवारी एका जागी अडकल्यासारखी दिसू शकते. तरी होस्ट रीस्टार्ट करू नये. कुलूप सुटूनही ते सुरू होत नसेल तर एक नवीन स्नॅपशॉट घेऊन लगेच ‘सर्व काढा’ म्हटल्यावर पुष्कळदा मागची अनाथ डेल्टाही ओढली जाते. साखळी शाबूत असेपर्यंत मूळ डिस्कचा आकार वाढवणे, डेल्टा फाइल हाताने पुसणे किंवा तिचे नाव बदलणे, यांपैकी काहीही करू नये.

आणि डेटास्टोअर आधीच तुडुंब भरलेले असेल तर? जागा करण्याचा एक निर्धोक मार्ग फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चालू व्हीएमच्या नावाने डेटास्टोअरवर एक स्वॅप फाइल असते आणि तिचा आकार त्या व्हीएमच्या मेमरीतून राखीव मेमरी वजा केल्यावर उरेल तेवढा असतो. व्हीएम बंद केली की ती फाइल जाते. अहवालांची किंवा चाचणीची १६ जीबीची एखादी व्हीएम बंद केल्यावर साधारण तेवढीच जागा लगेच मोकळी होते, आणि अडकलेल्या व्हीएमना ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणता येते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे संचालक मंडळालाही समजावून सांगावे, कारण ज्या स्टोरेजवर मूळ डिस्क आहे त्याच स्टोरेजवर तिची डेल्टा असते आणि दोन्ही एकत्रच जातात. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या गावी हवी. निपाणी शाखेत एक छोटे स्टोरेज ठेवून तिथे रात्री प्रत पाठवणे आपल्याला शक्य आहे. ती प्रत मुख्य कार्यालयाच्या डोमेनच्या पासवर्डने पुसता येणार नाही अशी ठेवावी, म्हणजे रॅन्समवेअर आले तरी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. तसेच महिन्यातून एकदा एक व्हीएम त्या प्रतीवरून वेगळ्या नेटवर्कवर उठवून, डेटाबेस उघडून, आदल्या दिवसाची शिल्लक जुळते का हे बघावे. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधील हिरवी खूण म्हणजे फक्त फाइल लिहिली गेली. ती परत उभी राहते की नाही हे उभी करूनच कळते.

विजेच्या बाबतीत आपल्याकडची स्थिती सर्वांना माहीत आहे: वळीव आणि नंतर जोराचा पाऊस, झाडांच्या फांद्या तारांवर, आणि एकदा गेलेली वीज येता येता दोन-तीनदा परत जाते. म्हणून यूपीएस किती मिनिटे टिकतो यापेक्षा बॅटरी संपण्याआधी कोणी काय बंद करायचे आणि परत येताना कोणत्या क्रमाने उठायचे हे ठरलेले असणे महत्त्वाचे आहे. बंद होताना आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा आणि संगणकांच्या नावांची उकल करणारा सर्व्हर), मग होस्ट आणि शेवटी स्टोरेज. उठताना नेमके उलट, आणि त्याही आधी स्विच. आपल्या दोन व्हीएम उठल्या नाहीत याचे संभाव्य कारण हेच आहे की स्टोरेज सज्ज व्हायला काही मिनिटे लागतात आणि होस्ट त्याच्या आधी उठून बसतात. डेटास्टोअर न दिसल्यामुळे व्हीएम अप्राप्य ठरतात. होस्टच्या बायोसमध्ये किंवा व्यवस्थापन कार्डात वीज परत आल्यावर उशिराने सुरू होण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी. हाय अव्हेलेबिलिटी (एक होस्ट पडल्यास त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर उठवण्याची सोय) चालू असलेल्या क्लस्टरमध्ये, म्हणजे होस्टच्या गटात, होस्टवरील स्वयंप्रारंभाची यादी लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिथे पुनःप्रारंभाचे प्राधान्यक्रम ठरवून द्यावे लागतात.

उठल्यावर सगळे चालू दिसूनही कोणाला लॉगिन करता येत नसेल, तर घड्याळ पाहावे. होस्टच्या मदरबोर्डवरील सेल संपलेला असेल तर पूर्ण वीज गेल्यावर होस्ट चुकीच्या तारखेने उठतो, डोमेन कंट्रोलरची व्हीएम ती तारीख उचलते, आणि केर्बेरोस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) पाच मिनिटांहून अधिक फरक सहसा खपवून घेत नाही. व्हीएमवेअर टूल्समधील नियमित वेळजुळणी बंद असली तरी व्हीएम थांबून पुन्हा सुरू होताना किंवा स्नॅपशॉटच्या वेळी होस्टची वेळ आत जाऊ शकते, म्हणून होस्टचे घड्याळच बरोबर असले पाहिजे. होस्टना आणि मुख्य डोमेन कंट्रोलरला बाहेरच्या एनटीपी सर्व्हरवरून (अचूक वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) वेळ द्यावी. डोमेन कंट्रोलरने होस्टकडून आणि होस्टने डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेण्याचे वर्तुळ करू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसारही घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत, त्यामुळे हे काम एरवीही करावेच लागणार आहे. शिवाय दुसरा डोमेन कंट्रोलर एका होस्टच्या स्थानिक डिस्कवर ठेवावा, म्हणजे सामायिक स्टोरेज उशिरा आले तरी नावांची उकल चालू राहील.

खरेदीच्या प्रश्नाचा एक भाग मात्र खरा आहे. दोन होस्ट आहेत म्हणजे एक गेला तर दुसरा सांभाळेल, अशी आपली समजूत असावी. पण १९० जीबी दिलेल्या व्हीएम १२८ जीबीच्या एका होस्टवर सुखाने राहणार नाहीत. काही उठणार नाहीत किंवा सगळ्या स्वॅपमध्ये रुततील. चौदांपैकी कोणत्या व्हीएम त्या दिवशी नसल्या तरी चालतील हे आधी ठरवावे, बाकीच्यांना दिलेली रॅम प्रत्यक्ष वापराशी ताडून कमी करावी, आणि तरीही बेरीज एका होस्टच्या बाहेर जात असेल तर दोन्ही होस्टमध्ये रॅम वाढवावी.

व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या व मदत) २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद होऊन सगळे मुदतीच्या वर्गणीवर गेले, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोरचे पैसे मोजावे लागतात. आपले प्रोसेसर आठ कोरचे असल्यामुळे प्रत्येक प्रोसेसरमागे नसलेल्या आठ कोरचा भुर्दंड बसेल. प्रॉक्समॉक्सकडे (व्हर्च्युअलायझेशनच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे) जाणे आपल्या आकाराच्या संस्थेला झेपण्यासारखे आहे. मात्र तिथे दोनच होस्ट असतील तर एक पडल्यावर उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि क्लस्टरची संरचना केवळ वाचनापुरती उरते, म्हणून तिसऱ्या मतासाठी एका लहान संगणकावर क्यूडिव्हाइस उभे करावे. विंडोजच्या व्हीएम हलवण्याआधी त्यांत व्हर्टआयओचे (आभासी डिस्क व नेटवर्कचे) ड्रायव्हर घालून घ्यावेत, नाही तर बूट डिस्कच सापडत नाही. आणि आयस्कझीवरील सामायिक एलव्हीएममध्ये (लिनक्सच्या डिस्कविभागणीच्या पद्धतीत) स्नॅपशॉटची सोय प्रॉक्समॉक्स ९ पासून आणि तीही चाचणी स्वरूपात आली आहे, हे बॅकअपची पद्धत ठरवताना लक्षात घ्यावे. साखळी अडकलेली असताना स्थलांतर मुळीच करू नये. आधी ती व्हीएम बरी करावी.

तेव्हा क्रम असा ठेवावा की या आठवड्यात त्या व्हीएमची नक्कल व एकत्रीकरण, कॅशच्या बॅटरीची तपासणी आणि एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमधील सॉकेटची ओळ एवढे उरकावे. नंतर व्हीसीपीयू आठवर आणून पाच कामाच्या दिवशी साडेदहा ते बारा या वेळेत रेडी, को-स्टॉप, डीएव्हीजी आणि स्वॅप-वाचन हे चार आकडे नोंदवावेत. डीएव्हीजी चढाच राहिला तर नवीन सर्व्हरसाठी ठेवलेल्या रकमेतून डेटाबेसच्या डेटा आणि लॉग फाइलसाठी वीज गेली तरी लेखन जपणाऱ्या एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडींचा रेड १० गट घ्यावा आणि रॅमची भरती करावी. रेडीच चढा राहिला, तरच पुरवठादाराचे म्हणणे पुन्हा विचारात घ्यावे.